फॉर्ममधला एक रकाना

गणपतीत आमच्या ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी भरून वाहते. मुंबईहून रात्रभर एसटीत अवघडून आलेले चाकरमानी, पावसात भिजून आलेले ताप, बिघडलेली पोटं. अशाच एका वर्षी, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांनी एका पस्तिशीच्या माणसाला माझ्याकडे पाठवलं. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.) मी सिंधुदुर्गात आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या मोफत तपासणी आणि समुपदेशनाच्या केंद्रात, नुकतीच समुपदेशक म्हणून लागले होते. तीन वेगवेगळ्या किटवर तपासणी झाली, तिन्ही रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्ग आहे. रिपोर्ट समजावून सांगितल्यावर त्याने एकच विचारलं, "मॅडम, घराक कळाचा नाय मा?"

मग फॉर्म. त्यात एक रकाना असतो, संसर्ग कोणत्या मार्गाने झाला असावा याचा. स्त्री-पुरुष संबंध, पुरुष-पुरुष संबंध, सुई, रक्त, आईकडून बाळाला, माहीत नाही. माणूस लग्न झालेला, मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणारा. मी विचारलं, "बाहेर कुठल्या बाईशी संबंध आला होता का?" तो थोडा थांबला आणि "हो" म्हणाला. मी पहिल्या पर्यायावर खूण केली. सहा महिन्यांनी शिमग्याला गावी आला तेव्हा त्याने मला सांगितलं, बाई कधीच नव्हती. मी प्रश्नच असा विचारला होता की खऱ्या उत्तराला त्यात जागा नव्हती.

ती खूण पुढे कुठे जाते, तिच्यावरून दिल्लीत काय ठरतं आणि ते फिरून आमच्या तालुक्यात कसं येतं, हे मला इथे सांगायचं आहे. एचआयव्हीचं संशोधन म्हटलं की प्रयोगशाळा आणि औषधं डोळ्यांसमोर येतात. पण त्याची सुरुवात बहुतेक वेळा एका माणसाने दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाने होते.

आधी मोजणीचं बघू. देशातल्या प्रत्येकाचं रक्त तपासणं शक्य नाही, म्हणून आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ठरावीक काळाने, ठरलेल्या केंद्रांवर, ठरावीक गटांतल्या लोकांच्या रक्ताचे नमुने नाव न लावता तपासले जातात. गरोदर स्त्रियांच्या आकड्यावरून सर्वसाधारण समाजात विषाणू किती पसरला आहे याचा अंदाज बांधतात. २०२१ च्या फेरीत हा आकडा पाव टक्क्याहून थोडा कमी होता. त्याच फेरीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये तो सव्वातीन टक्क्यांच्या आसपास होता आणि तृतीयपंथी व पारलिंगी स्त्रियांमध्ये (म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या, पण स्वतःला बाई मानणाऱ्या व्यक्तींमध्ये) पावणेचार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंधरा ते सतरा पटींचा फरक.

हा फरक ऐकला की माणसं लगेच वागणुकीचा निवाडा करायला बसतात, म्हणून त्यामागचं कारण नीट सांगते. गुदद्वाराच्या आतलं अस्तर फार पातळ असतं आणि त्याला सहज बारीक इजा होते. उपचार न घेतलेल्या जोडीदाराशी विनाकंडोम संबंध आला, तर घेणाऱ्या व्यक्तीला योनिमार्गे होणारा धोका दहा हजार वेळांत साधारण ८ वेळा इतका मोजला गेला आहे. गुदमार्गे तो साधारण १३८ वेळा. पुरुष असो की बाई, शरीर तेच आणि धोका तोच. त्यात ज्या समूहाला लपून राहावं लागतं तो लहान असतो, तिथे जोडीदार आपसांतलेच असतात, त्यामुळे एकदा शिरलेला विषाणू तिथेच फिरत राहतो. आणि भीतीपोटी तपासणी लांबते. पहिलं कारण शरीराचं आहे. बाकीची बरीचशी आपण, समाजाने, तयार केलेली आहेत. धोरणाने बदलता येतं ते या दुसऱ्या प्रकारच्या कारणांना.

शिताची गंमत अशी की ते कुठून उचललं यावर सगळं अवलंबून असतं. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष किंवा तृतीयपंथी यांच्यासाठी प्रकल्प चालवायचा, तर त्या भागात ते किती आहेत याचा आधी अंदाज लागतो. त्यावरून संस्था नेमली जाते, त्यांच्यातलेच कार्यकर्ते घेतले जातात, कंडोम, वंगण, गुप्तरोगांचे उपचार आणि तपासणी मिळते. मुंबई-ठाण्यात हे अंदाज बरे निघतात, कारण तिथे १९९४ पासून हमसफर ट्रस्टसारख्या संस्था लोकांमध्ये बसून काम करत आल्या आहेत. आमच्याकडे वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात. भेटण्याची ठरलेली जागा नाही. बंदरावर, कोकण रेल्वेच्या प्रवासात किंवा आता मोबाइलवरच्या ॲपवर ओळखी होतात. कोणी बोलत नाही, म्हणून आकडा कमी. आकडा कमी, म्हणून कार्यक्रम नाही. कार्यक्रम नाही, म्हणून बोलायला कोणी नाही. माझ्या त्या चुकीच्या खुणेने या चक्राला आणखी एक फेरा दिला होता.

आता थोडं मागे जाते. अभ्यासाचं न ऐकता धोरण केलं तर काय होतं, याचं देशातलं सर्वात ठळक उदाहरण आमच्या उंबरठ्यावर घडलं. बांदा सोडलं की पत्रादेवी, पुढे पेडणे आणि मग म्हापसा. या म्हापशात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला एका बंद पडलेल्या क्षयरोग आरोग्यधामात पोलिस पहाऱ्यात ६४ दिवस डांबून ठेवलं होतं. गुन्हा काय? तो नियमित रक्तदान करायचा, आणि अशाच एका रक्तदानानंतरच्या तपासणीत त्याला एचआयव्ही असल्याचं आढळलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशा माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद घातलेली होती. त्याची आई लुसी मुंबई उच्च न्यायालयात गेली. डॉमिनिक बाहेर आला, पण न्यायालयाने ती तरतूद वैधच ठरवली.

तीन वर्षं आधी, १९८६ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी एक साधा आणि सुंदर अभ्यास छापला होता. एड्सच्या ३९ रुग्णांबरोबर एकाच घरात राहणारी १०१ माणसं त्यांनी तपासली. हे लोक एकाच न्हाणीघरात अंघोळ करत होते, एकमेकांची भांडी आणि टॉवेल वापरत होते, मिठ्या मारत होते. संसर्ग फक्त एका मुलाला आढळला, आणि तो बहुधा जन्माच्या वेळी आईकडून आलेला होता. म्हणजे डॉमिनिकला कुलूप लावायच्या आधीच उत्तर छापून आलेलं होतं. त्याने बाहेर येऊन १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी तो गेला. ज्ञान असणं आणि ते कायदा करणाऱ्याच्या टेबलावर पोचणं यात केवढं अंतर असतं, हे मला म्हापशाच्या बाजारातून जाताना दर वेळी आठवतं.

ते अंतर कसं कापलं गेलं, हे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धच्या लढ्यात दिसतं. पुष्कळांना ही लढाई फक्त प्रेमाच्या हक्काची वाटते, पण तिची पहिली वाट आरोग्यातून गेली. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात कैद्यांना कंडोम द्यायला प्रशासनाने नकार दिला. दिले तर गुन्ह्याला मदत केल्यासारखं होईल, असा पवित्रा होता. त्यावर एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटाने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. २००१ मध्ये लखनऊत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना अटक झाली. माहितीपत्रकं आणि कंडोम वाटणारी ही माणसं दीड महिना तुरुंगात होती. त्याच वर्षी नाझ फाउंडेशनची याचिका दाखल झाली. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं: ज्या लोकांपर्यंत आम्ही पोचावं असं सरकारच सांगतं, त्यांना तेच सरकार गुन्हेगार ठरवतं. मग ती माणसं आमच्यासमोर येतील कशी?

२००६ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये संसर्ग सुमारे ८ टक्के आहे, सर्वसाधारण लोकांमध्ये एक टक्क्याहून कमी, आणि या कायद्याच्या धाकामुळे हे लोक भूमिगत होतात, असं त्यात आकड्यांसह मांडलं होतं. गृहखातं कलम राहावं म्हणत होतं आणि आरोग्याची यंत्रणा ते अडचणीचं आहे म्हणत होती. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने होणारे संबंध गुन्ह्यातून वगळले, तेव्हा या पुराव्याला निकालात जागा मिळाली. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. हे लोक लोकसंख्येचा अगदी छोटा अंश आहेत, असं त्या निकालात म्हटलं होतं. इथे पुन्हा मोजणीच आडवी आली. लपून राहावं लागलं म्हणून जे मोजले गेले नाहीत, तेच थोडे आहेत म्हणून त्यांचं गाऱ्हाणं छोटं ठरलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे संबंध पुन्हा गुन्ह्यातून वगळून हे सरळ केलं.

आता औषधांकडे येऊ, कारण सर्वात मोठा बदल तिथे झाला आहे आणि तो अजूनही आमच्या लोकांपर्यंत पुरता पोचलेला नाही.

भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. ती परवडली कारण २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा मेळ एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली होती. तोवर त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. पण गोळ्या मोफत झाल्या तरी प्रत्येकाला लगेच मिळत नव्हत्या. सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या लढाऊ पेशींची संख्या, एका पातळीखाली जायची वाट बघावी लागे. आधी ती पातळी २०० होती, मग ३५०, मग ५००. रुग्ण घरी परत पाठवले जायचे, "अजून वेळ आहे" असं सांगून. २०१५ मध्ये स्टार्ट नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. ३५ देशांतले ४,६८५ लोक, अर्ध्यांना लगेच औषध, अर्ध्यांना पेशी कमी झाल्यावर. लगेच सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी आढळले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली आणि एप्रिल २०१७ मध्ये भारतात 'तपासा आणि उपचार करा' हे धोरण आलं. त्या गणपतीतल्या माणसाला दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या मिळाल्या, त्या या अभ्यासामुळे.

दुसरा प्रश्न लोकांच्या मनात जास्त खोल असतो: माझ्यामुळे दुसऱ्याला होईल का? २०११ मध्ये एचपीटीएन ०५२ या अभ्यासाने त्याचं मोठं उत्तर दिलं. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. यात पुणे आणि चेन्नईची जोडपीही होती. लवकर उपचार सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. पण त्यातली ९७ टक्के जोडपी स्त्री-पुरुषांची होती. समलिंगी जोडप्याने विचारलं, "आमचं काय?", तर डॉक्टरला "बहुधा तसंच असेल" यापलीकडे सांगता येत नव्हतं. त्यासाठी आणखी काही वर्षं गेली. युरोपातल्या पार्टनर अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्याचा निकाल २०१९ मध्ये आला: ७८२ पुरुष जोडपी, कंडोमशिवायचे सुमारे ७६,००० संबंध, एकाला एचआयव्ही आणि त्याचा विषाणू गोळ्यांनी दबलेला. १५ जणांना नवा संसर्ग झाला, पण विषाणूची जनुकीय तपासणी केल्यावर त्यातला एकही त्यांच्या जोडीदाराकडून आलेला नव्हता. शून्य.

याचा सोपा अर्थ असा. गोळ्या रोज घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा आकडा, मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हे मी प्रत्येकाला कागदावर आकृती काढून सांगते. त्या माणसाने पुढे धीर करून बायकोला सांगितलं आणि तिला तपासणीला आणलं. ती निगेटिव्ह होती, आजही आहे.

समूहाला अभ्यासात जागा नसली की काय होतं, त्याचं मला सर्वात बोचणारं उदाहरण पारलिंगी स्त्रियांचं आहे. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळीला प्रेप म्हणतात. २०१० च्या आयप्रेक्स अभ्यासात २,४९९ जणांवर ती तपासली गेली आणि संसर्ग ४४ टक्क्यांनी घटला. रक्तात औषध सापडलेल्यांमध्ये त्याहून कितीतरी जास्त. जगभरच्या धोरणांचा पाया या आकड्यावर बसला. पण त्या २,४९९ मध्ये ३३९ पारलिंगी स्त्रिया होत्या आणि त्यांना पुरुषांबरोबरच मोजलं होतं. २०१५ मध्ये त्यांचा हिशोब वेगळा केला, तेव्हा दिसलं की गोळी मिळालेल्या गटात ११ जणींना संसर्ग झाला आणि नुसती साखरेची गोळी मिळालेल्या गटात १० जणींना. फायदा दिसलाच नाही. संसर्ग झालेल्या एकीच्याही रक्तात त्या वेळी औषध सापडलं नाही, म्हणजे गोळ्या घेतल्याच जात नव्हत्या. का? हार्मोनवर परिणाम होईल ही भीती, दवाखान्यात पुरुष म्हणून मिळणारी वागणूक, रोजची गोळी ठेवायला सुरक्षित घर नसणं. औषध तेच, पण त्यांच्या आयुष्याला धरून ते कोणी दिलं नव्हतं. हे कळायला पाच वर्षं लागली, कारण रकाना एकच होता.

म्हणूनच पारलिंगी लोकांसाठी वेगळी, त्यांच्याच समूहातली माणसं चालवतात अशी 'मित्र' क्लिनिकं हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात उभी राहिली होती. तिथे हार्मोनचा सल्ला आणि एचआयव्ही तपासणी एकाच छपराखाली मिळायची. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि त्यांची दारं बंद झाली. कल्याण म्हणजे आमच्या चाकरमान्यांचं दुसरं घर. पैसा कोणाच्या निर्णयावर अवलंबून आहे, हाही धोरणाचाच भाग असतो.

प्रेप आपल्याकडे बहुतेकांना स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते. वर्षाला दोनच इंजेक्शनं घ्यायची असं लेनाकापाविर नावाचं औषध २०२४ च्या अभ्यासांत विलक्षण परिणामकारक ठरलं. पुरुष आणि पारलिंगी व्यक्तींच्या अभ्यासात ते घेणाऱ्या २,१७९ जणांपैकी फक्त दोघांना संसर्ग झाला. घरात गोळीची डबी लपवावी लागणाऱ्या माणसासाठी याचं मोल काय आहे, ते मला माहीत आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या भारतीय कंपन्या २०२७ पासून गरीब देशांसाठी ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये द्यायच्या तयारीत आहेत. ते आमच्या लिंक केंद्रापर्यंत, म्हणजे या गोळ्या गावाजवळ देणाऱ्या छोट्या केंद्रापर्यंत यावं, असं मला मनापासून वाटतं.

रक्तदानाचा प्रश्न थोडक्यात सांगते. २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांना रक्तदान करता येत नाही, आणि त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. रक्त घेणाऱ्याची सुरक्षितता सर्वात आधी, यात वाद नाही. पण ब्रिटनने २०२१ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये "तू कोण आहेस" हा प्रश्न काढून "गेल्या काही महिन्यांत तू काय केलंस" हा प्रश्न सगळ्यांना सारखा विचारायला सुरुवात केली. विषाणू माणसाची ओळख बघत नाही, संबंध कसा आला ते बघतो. आपणही तिकडे जावं असं माझं मत आहे.

एक गोष्ट मात्र एचआयव्हीच्या अभ्यासाने नकळत बिघडवली. पैसा विषाणूमागे आला, म्हणून एलजीबीटी आरोग्य म्हणजे एचआयव्ही असं समीकरण झालं. समलिंगी बायकांमध्ये हा विषाणू फारसा नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी कार्यक्रमही नव्हता. पारलिंगी पुरुष तर कोणाच्याच यादीत नव्हते. घरच्यांनी लग्न लावून दिलेली मुलगी रात्र रात्र झोपत नाही, हे कुठल्या किटवर रिॲक्टिव्ह येणार? हळूहळू बदल होतोय. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 'नालसा' नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क दिला. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने समलिंगी माणसाला 'बरं' करण्याच्या उपचारांवर बंदी आणायला सांगितलं आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कोणी आपल्या मुलाला अशा उपचारांसाठी घेऊन निघाला असेल, तर त्याला हे सांगा.

आणि हेही सांगा की २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. असुरक्षित संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, पेप नावाची २८ दिवसांची औषधं सुरू करता येतात. १०९७ हा मोफत फोन नंबर आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही. आमच्या भागातले काही जण अजूनही ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून घाट चढून कोल्हापूरला गोळ्या आणायला जातात. त्यांना मी कधीच अडवत नाही. गोळी सुटू नये, एवढंच बघते.

माझा प्रश्न मी बदलला. आता दार लावून घेते आणि साखर, बीपी विचारते त्याच आवाजात, समोर कोणीही असो, म्हणते, "शरीरसंबंध कोणाबरोबर येतात? बाईबरोबर, पुरुषाबरोबर, की दोघांबरोबर?" मग गप्प बसते. पहिल्यांदा हे विचारताना जड गेलं होतं. आता माणसं उत्तर देतात, बहुतेक वेळा सुटल्यासारखी. गेल्या हंगामात देवगडकडचा एक तरुण खलाशी आला होता. खिडकीबाहेर बघत राहिला, मग म्हणाला, "दोगांवांगडा." मी तसंच लिहिलं. त्याचा रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह होता; विंडो पिरियड, म्हणजे संसर्ग झाला तरी तपासणीत दिसत नाही तो सुरुवातीचा काळ, समजावून तीन महिन्यांनी परत यायला सांगितलं. तो ठरल्या दिवशी आला, आणि बाहेरच्या बाकावर त्याच्याबरोबर आलेले आणखी दोघे बसले होते.